व्यापारी इमारतींतील रेडॉन वायू आणि त्याचे निवारण

मराठवाड्यातील बाजारगावांचे रूप गेल्या काही दशकांत पुष्कळ पालटले आहे. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबाद हे अशा गावांपैकीच एक. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात येण्यापूर्वी हा परिसर औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. त्या काळी या भागातील दुकान म्हणजे दगडमातीच्या भिंतींचे, माळवदाचे, पुढे ओटा आणि लाकडी फळ्यांचे दार असलेले घरच असावयाचे. फळ्यांच्या फटींतून आणि माळवदाच्या झरोक्यांतून वारा आपोआप खेळत असे. आता ठिकठिकाणी सिमेंट काँक्रीटचे गाळे, लोखंडी शटर, मालासाठी तळघर आणि काही ठिकाणी वातानुकूलित दालने दिसू लागली आहेत. इमारत मजबूत झाली, चोरापावसापासून मालाचे रक्षण झाले. मात्र त्याबरोबर हवेचे येणेजाणे मंदावले. बंदिस्त हवेत कोणकोणते दोष साठतात याचा विचार करताना ज्या एका वायूचा उल्लेख सहसा होत नाही, तो वायू म्हणजे रेडॉन होय.

या वायूला रंग नाही, वास नाही आणि चव नाही. त्याच्यामुळे डोळे चुरचुरत नाहीत की खोकला येत नाही. तथापि दीर्घकाळ त्याच्या सान्निध्यात राहिल्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे आता निर्विवादपणे सिद्ध झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातील फुप्फुसाच्या कर्करोगापैकी ३ ते १४ टक्के रुग्णांच्या बाबतीत रेडॉन हे कारण असते. हे प्रमाण त्या त्या देशातील रेडॉनच्या सरासरीवर अवलंबून असते. या वायूचे स्वरूप, त्याचा इमारतीत होणारा शिरकाव आणि तो कमी करण्याचे उपाय यांची माहिती दुकानदार, गोदामचालक, बांधकाम कंत्राटदार आणि ग्रामपंचायतींचे पदाधिकारी या सर्वांना असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

रेडॉन म्हणजे काय?

पृथ्वीच्या कवचातील जवळजवळ प्रत्येक खडकात आणि मातीत युरेनियम हे मूलद्रव्य अत्यल्प प्रमाणात असते. युरेनियमचा ऱ्हास अतिशय संथ गतीने होतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे ४५० कोटी वर्षे आहे. या ऱ्हासाच्या साखळीत पुढे रेडियम तयार होते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे असते. रेडियमपासून रेडॉन निर्माण होतो. साखळीतील इतर सर्व दुवे घन पदार्थ आहेत आणि ते खडकातच अडकून पडतात. रेडॉन मात्र वायुरूप असल्यामुळे मातीच्या कणांमधील पोकळ्यांतून तो हालचाल करू शकतो. त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे आहे. जमिनीतून वर येऊन इमारतीत शिरण्यास एवढा अवधी पुरेसा होतो. थोरियमच्या साखळीतूनही थोरॉन नावाचा असाच वायू निघतो, परंतु त्याचे अर्धायुष्य एक मिनिटाहूनही कमी असल्याने तो फार दूर जाऊ शकत नाही.

खरा अपाय रेडॉनपेक्षा त्याच्या अपत्यांकडून अधिक होतो. रेडॉनच्या ऱ्हासातून पोलोनियम, शिसे आणि बिस्मथ यांचे किरणोत्सारी प्रकार निर्माण होतात. त्यांचे आयुष्य सेकंदाच्या अंशापासून अर्ध्या तासापर्यंतचे असते. हे कण हवेतील धुळीला आणि धुराला चिकटतात व श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन श्वासनलिकांच्या अस्तरावर बसतात. तेथे पोलोनियममधून बाहेर पडणारे अल्फा कण पेशींतील जनुकद्रव्याला इजा करतात. अल्फा कण साध्या कागदानेही अडतो आणि त्वचेच्या बाहेरून काही करू शकत नाही. फुप्फुसाच्या नाजूक अस्तरावर मात्र तोच कण घातक ठरतो.

हवेतील रेडॉनचे प्रमाण बेक्वेरेल या एककात सांगतात. एका घनमीटर हवेत दर सेकंदाला एका अणूचा ऱ्हास होत असेल तर ते प्रमाण दर घनमीटरला एक बेक्वेरेल होय. उघड्यावरील हवेत हे प्रमाण साधारणतः ५ ते १५ असते. बंद इमारतीत ते याच्या कैक पट होऊ शकते.

धोक्याचा शोध कसा लागला?

मध्य युरोपातील श्नेबर्ग येथील खाणकामगार फुप्फुसाच्या एका असाध्य व्याधीने मरण पावतात, ही गोष्ट सोळाव्या शतकातच नोंदली गेली होती. ही व्याधी फुप्फुसाची घातक गाठ आहे, असे १८७९ मध्ये दोन जर्मन वैद्यकतज्ज्ञांनी दाखवून दिले. त्या वेळी किरणोत्साराचाच शोध लागलेला नव्हता. १८९९ मध्ये रदरफर्ड आणि ओवेन्स यांनी थोरियममधून निघणाऱ्या वायूची आणि १९०० मध्ये फ्रीड्रिश डोर्न यांनी रेडियममधून निघणाऱ्या वायूची नोंद केली. पुढे युरेनियमच्या खाणीतील कामगारांच्या दीर्घकालीन अभ्यासांतून रेडॉन आणि कर्करोग यांचा संबंध पक्का झाला. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडॉनला मानवी कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून मान्यता दिली.

हा प्रश्न खाणीपुरता मर्यादित नाही, याची जाणीव जगाला १९८४ मध्ये झाली. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील लिमरिक अणुविद्युत केंद्रात काम करणारे स्टॅन्ली वॉट्रस हे अभियंते केंद्रात प्रवेश करतानाच किरणोत्सार शोधणाऱ्या यंत्राची घंटा वाजवू लागले. ते केंद्र अद्याप सुरूही झाले नव्हते. शोध घेता असे आढळले की दूषितता त्यांच्या राहत्या घरातूनच येत होती. त्या घरातील रेडॉनचे प्रमाण दर घनमीटरला सुमारे एक लाख बेक्वेरेल होते. घराच्या फरशीखालील हवा नळाने ओढून बाहेर सोडण्याची व्यवस्था केल्यानंतर ते घर पुन्हा राहण्यायोग्य झाले. रोगाइतकाच त्याचा उपायही हाताशी आहे, हा या घटनेचा बोध होय.

युरोपातील १३ अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार दीर्घकालीन सरासरी प्रमाणात दर १०० बेक्वेरेलच्या वाढीमागे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. ही टक्केवारी मूळ धोक्यावरची आहे. धूम्रपान न करणाऱ्याचा मूळ धोका अल्प असल्याने त्याची वाढही अल्प राहते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा मूळ धोका मोठा असल्याने वाढही मोठी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेडॉनमुळे धूम्रपान करणाऱ्याला असलेला धोका न करणाऱ्याच्या सुमारे २५ पट असतो. २ ऑक्टोबर २००८ पासून देशात सार्वजनिक जागी धूम्रपानास बंदीचे नियम लागू आहेत. दुकानात आणि गोदामात त्यांचे काटेकोर पालन करणे हा रेडॉनचा धोका कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, हे येथे आवर्जून सांगावयास हवे.

काळा खडक, मुरूम आणि काळी माती

हसनाबादचा परिसर दख्खनच्या काळ्या खडकावर वसलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांवर थर साचून हा बसाल्ट खडक बनला. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग त्याने व्यापलेला आहे. रेडॉनच्या दृष्टीने ही भाग्याची गोष्ट आहे. ग्रॅनाइट खडकात दहा लाख भागांत युरेनियमचे सर्वसाधारणपणे ३ ते ५ भाग असतात. बसाल्टमध्ये ते सुमारे १ भाग किंवा त्याहूनही कमी असतात. राज्याच्या पूर्वेकडील नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, तसेच सिंधुदुर्ग आणि नांदेड जिल्ह्याचा काही भाग येथे ग्रॅनाइट व तत्सम प्राचीन खडक आढळतात. तेथे या विषयाकडे अधिक लक्ष पुरविणे इष्ट ठरेल.

असे असले तरी खडकाचे नाव ऐकून निश्चिंत होणे शास्त्राला धरून नाही. इमारतीतील रेडॉनचे प्रमाण तीन गोष्टींवर ठरते: जमिनीत तो किती निर्माण होतो, जमिनीतून इमारतीत शिरण्यास त्याला किती वाट मिळते आणि शिरलेला वायू बाहेर जाण्यास किती वाव असतो. पहिली गोष्ट निसर्गाच्या हाती आहे. उरलेल्या दोन्ही बांधणाऱ्याच्या हाती आहेत. म्हणूनच एकाच गल्लीतील दोन इमारतींत रेडॉनचे प्रमाण फार भिन्न असू शकते.

या दृष्टीने मराठवाड्यातील बांधकामाची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला रुंद भेगा पडतात. म्हणून पाया काळी माती ओलांडून खाली कठीण मुरमापर्यंत नेतात आणि जोत्यात मुरमाची भर घालतात. मुरूम हा सच्छिद्र असतो. त्यातून वायू सहज फिरतो. पावसाळ्यात इमारतीभोवतीची ओली चिकण माती वायूची वाट बंद करते, पण जोत्याखालचा मुरूम कोरडाच राहतो. परिणामी उघड्या जमिनीतून निसटू न शकणारा वायू जोत्याकडे वळण्याचा संभव असतो. माती आक्रसताना फरशीला आणि भिंतीला जे तडे जातात, तेच त्याला आत येण्याचे दरवाजे ठरतात.

वायू आत कसा शिरतो?

रेडॉन हा हवेहून सुमारे साडेसात पट जड असल्यामुळे तो तळघरात साठतो, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. हवेत त्याचे अणू इतके विरळ असतात की त्याच्या वजनाने काहीच ठरत नाही. तळघरात तो अधिक असतो याचे कारण तळघराच्या फरशीला आणि चारही भिंतींना जमीन लागून असते आणि तेथे वाऱ्याची ये-जा कमी असते.

जमिनीतील हवा इमारतीत ओढली जाते ती दाबातील अत्यल्प फरकामुळे. इमारतीतील हवा बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असली म्हणजे ती वर सरकते, जिन्याच्या वा छताच्या वाटेने बाहेर पडते आणि तिची जागा घेण्यासाठी खालून हवा येते. हिवाळ्याच्या रात्री मराठवाड्यात बाहेरचे तापमान झपाट्याने उतरते, पण दिवसभर तापलेल्या भिंतींमुळे बंद गाळा उबदार राहतो. अशा वेळी हे ओढणे वाढते. उपाहारगृहातील धूर बाहेर फेकणारा पंखाही असाच परिणाम करतो. बाहेरची ताजी हवा आत येण्यास वाट नसेल, तर तो पंखा फरशीच्या भेगांतून जमिनीतील हवा खेचू लागतो.

आत येण्याच्या वाटा पुढीलप्रमाणे असतात: फरशी आणि भिंत यांच्या जोडावरील फट, शहाबादी फरशीचे न भरलेले सांधे, कोब्याचे तडे, नळ व विजेच्या तारा जमिनीतून वर येतात तेथील मोकळी जागा, पाण्याच्या निचऱ्याचे खड्डे, आणि पोकळ काँक्रीट ठोकळ्यांच्या भिंतींतील पोकळ्या. मोठ्या इमारतीत वातानुकूलनाची हवा वाहून नेणारे मार्ग फरशीखालून गेलेले असतील तर ते जमिनीतील वायू थेट सर्व दालनांत पोहोचवितात.

बांधकामाच्या साहित्यातूनही थोडा रेडॉन बाहेर पडतो. स्वीडनमध्ये १९२९ ते १९७५ या काळात युरेनियमयुक्त शेलपासून केलेले हलके काँक्रीट वापरले गेले आणि त्याचा त्रास पुढील पिढ्यांना झाला. आपल्याकडे परळीसारख्या औष्णिक विद्युत केंद्रांतील राखेपासून विटा बनविल्या जातात. कोळसा जळून गेल्यावर त्यातील रेडियम राखेत एकवटते, हे खरे. परंतु राखेचे कण काचेसारखे घट्ट असल्याने त्यांतून रेडॉन बाहेर निसटण्याचे प्रमाण कमी असते. विंधनविहिरीच्या पाण्यात विरघळलेला रेडॉन पाणी उसळले की हवेत मिसळतो. तथापि पाण्यातील दर १०,००० भागांमागे हवेत सुमारे १ भागाचीच भर पडते. म्हणजे बहुतेक इमारतींत जमीन हाच मुख्य स्रोत होय.

पेवातील विषारी हवा आणि रेडॉन

धान्य साठविण्यासाठी जमिनीत खोदलेली पेवे मराठवाड्याला अपरिचित नाहीत. बंद पेव उघडून घाईने आत उतरल्यास माणूस गुदमरून प्राणास मुकतो, हे जुन्या जाणत्यांना ठाऊक असते. पेवातील धान्याच्या श्वसनामुळे कार्बन डायऑक्साइड साठतो आणि प्राणवायू घटतो. म्हणून आत जळता कंदील सोडून पाहण्याची आणि तो विझल्यास आत न उतरण्याची रीत पडली. न वापरलेल्या विहिरीतही हाच धोका असतो. कंदील जळत राहिला तरी हवा निर्धोक आहे अशी खात्री मात्र देता येत नाही.

रेडॉनच्या बाबतीत हा अनुभव लागू पडत नाही. रेडॉनने कंदील विझत नाही आणि माणूस गुदमरत नाही. पेवातील हवा काही मिनिटांत जीव घेते; रेडॉनचा परिणाम दिसण्यास अनेक वर्षे लागतात. दोहोंत साम्य एवढेच की बंदिस्त, जमिनीला लागून असलेल्या जागेत हवा खेळती ठेवणे हे दोन्हींवरील पहिले उत्तर आहे. गुदमरविणाऱ्या वायूची चाहूल कधीकधी लागते, रेडॉनची मात्र उपकरणाखेरीज मुळीच लागत नाही.

मोजणी कशी करावी?

मोजणीसाठी महागडी यंत्रे लागतातच असे नाही. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने सूक्ष्मछिद्रांचा एक छोटा डोसमापी विकसित केला आहे. त्याच्या डबीत सेल्युलोज नायट्रेटची विशिष्ट फिल्म बसविलेली असते. रेडॉन छिद्रांतून आत जातो आणि त्याच्या अल्फा कणांचे सूक्ष्म व्रण फिल्मवर उमटतात. सुमारे तीन महिन्यांनंतर डबी काढून फिल्म कोमट सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात धुतली जाते व व्रण मोजले जातात. त्यास वीज लागत नाही. ऋतूंनुसार प्रमाण बदलत असल्याने वर्षभराची मोजणी अधिक विश्वसनीय ठरते.

डबी जमिनीला लागून असलेल्या दालनात, बसणाऱ्या माणसाच्या श्वासाच्या उंचीवर, खिडकी, पंखा आणि भट्टी यांपासून दूर ठेवावी. गाळ्यांच्या रांगेत एका गाळ्याची मोजणी दुसऱ्यास लागू करू नये. दोघांच्या फरशीखालील पोकळी आणि भेगा वेगळ्या असतात.

प्रमाण किती असल्यास उपाय करावा, याविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये मार्गदर्शन केले. शक्य तेथे दर घनमीटरला १०० बेक्वेरेल ही मर्यादा ठेवावी आणि कोणत्याही परिस्थितीत ती ३०० च्या वर नसावी, असे तिचे म्हणणे आहे. अमेरिकेत सुमारे १४८ बेक्वेरेलला उपाय सुचविला जातो. युरोपीय संघाने २०१३ च्या निर्देशात घरे व कामाच्या जागा यांसाठी ३०० हीच कमाल मर्यादा मानली आहे.

वायुवीजनाचे गणित

एक साधे उदाहरण घेतल्यास विषय स्पष्ट होईल. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशा गाळ्याचे आकारमान ६० घनमीटर होते. त्यात जमिनीतून दर तासाला ३,६०० बेक्वेरेल रेडॉन शिरतो असे मानू. बाहेरच्या हवेतील अल्प अंश तूर्त बाजूस ठेवू. शटर बंद असताना गाळ्यातील हवेचा एक-पंचमांश भाग दर तासाला बदलत असेल, तर ताजी हवा १२ घनमीटर मिळते आणि रेडॉन कालांतराने ३०० बेक्वेरेलपर्यंत चढतो. तासाला एकदा पूर्ण हवा बदलली तर ते प्रमाण ६० वर येते, आणि चार वेळा बदलली तर १५ वर येते.

आता हा गाळा रात्री नऊला बंद होतो व सकाळी नऊला उघडतो अशी कल्पना करावी. रात्रीच्या बारा तासांत रेडॉन वाढत वाढत २७० च्या पुढे जातो. सकाळी पुढचे शटर आणि मागचा झरोका दोन्ही उघडले, तर तासाभरात तो २० च्या आसपास उतरतो. अशा गाळ्यात ठेवलेला डोसमापी रात्रंदिवसाची सरासरी म्हणून सुमारे १०५ दाखवील. परंतु दिवसा बसणारा दुकानदार सरासरी २० च्या हवेत श्वास घेतो आणि रात्री शटर ओढून आत झोपणारा राखणदार सुमारे १९० च्या हवेत. एकाच इमारतीतील एकाच आकड्याचे दोघांसाठी निराळे अर्थ होतात. व्यापारी इमारतींची मोजणी घरांपेक्षा वेगळी ठरते ती यामुळे. कोण, कोठे, कोणत्या वेळी आणि किती तास असतो, हे मोजणीबरोबर लिहून ठेवलेच पाहिजे. इमारतीत सर्वांत कमी वेतन घेणाऱ्या माणसाच्या वाट्याला सर्वांत अधिक वायू यावा, ही गोष्ट कोणाही मालकाने दृष्टीआड करण्यासारखी नाही.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, राखणदाराची झोपण्याची जागा बंद गाळ्यात वा तळघरात नसावी. ती वरच्या मजल्यावर किंवा खेळत्या हवेच्या ओसरीवर असावी. दुसरी, सकाळी दुकान उघडताच झाडलोट व मालाची लावालाव तळघरात सुरू न करता आधी समोरासमोरची दारे उघडून हवा निघून जाऊ द्यावी.

निवारणाचे उपाय

फटी बुजविणे ही पहिली पायरी आहे. फरशीचे सांधे, कोब्याचे तडे, नळांभोवतीच्या जागा लवचिक लांबीने भराव्यात. निचऱ्याच्या खड्ड्यावर घट्ट झाकण बसवावे. मात्र केवळ या उपायावर विसंबून राहू नये. काळ्या मातीच्या हालचालीमुळे नव्या भेगा पडतच राहतात.

वायुवीजन ही दुसरी पायरी. तळघराला समोरासमोर झरोके ठेवावेत. पंखा बसवायचा असल्यास तो बाहेरची हवा आत ढकलणारा असणे अधिक श्रेयस्कर. त्यामुळे आतील दाब किंचित वाढतो आणि जमिनीतील हवा वर येण्यास विरोध होतो. उपाहारगृहातील धूर फेकणाऱ्या पंख्याबरोबर ताज्या हवेची वाट अवश्य ठेवावी.

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे फरशीखालील हवेचा उपसा. फरशीला भोक पाडून खाली लहानसा खड्डा करतात. त्यात सुमारे १०० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी नळ बसवून तो छताच्या वर नेतात आणि नळावर वरच्या बाजूस पंखा लावतात. पंख्यामुळे फरशीखालचा दाब खोलीतील दाबापेक्षा कमी होतो. मग हवा जमिनीतून खोलीत येण्याऐवजी खोलीतून जमिनीकडे जाऊ पाहते आणि रेडॉन नळावाटे आकाशात विरून जातो. योग्य रीतीने बसविलेल्या अशा व्यवस्थेने प्रमाण ९० टक्क्यांपर्यंतही उतरते. नळाचे तोंड शेजारच्या खिडक्यांपासून दूर असावे आणि पंखा माणसांच्या वावराच्या जागेत नसावा, म्हणजे नळ गळला तरी वायू आत येत नाही. ७५ वॅटचा पंखा अखंड चालल्यास वर्षाला सुमारे ६५७ युनिट वीज लागते.

गाळ्यांच्या रांगेत एक अडचण येते. प्रत्येक गाळ्याची आडभिंत पायापर्यंत गेलेली असते, त्यामुळे फरशीखालील मुरमाची भर स्वतंत्र कप्प्यांत विभागली जाते. एका कप्प्यातील नळ दुसऱ्या कप्प्यातील हवा ओढू शकत नाही. म्हणून नळ बसविण्यापूर्वी एका ठिकाणी उपसा करून इतर ठिकाणच्या छोट्या छिद्रांत ओढ जाणवते की नाही, याची चाचणी घ्यावी आणि त्यानुसार नळांची संख्या ठरवावी. वीज खंडित झाल्यास पंखा थांबतो, हेही ध्यानात घ्यावे. उभा नळ पंख्याविनाही धुराड्याप्रमाणे थोडीफार ओढ देतो, परंतु तेवढ्यावर भिस्त न ठेवता झरोक्यांची जोड द्यावी. काम झाल्यावर पुन्हा मोजणी केल्याखेरीज उपाय पुरा झाला असे समजू नये.

नव्या बांधकामात घ्यावयाची काळजी

उभ्या इमारतीत जे काम खर्चाचे व कटकटीचे ठरते, तेच नव्या बांधकामात अल्प खर्चात होते. त्यासाठी पुढील क्रम उपयुक्त आहे.

१. जोत्यातील मुरमाची भर चोपून झाल्यावर तिच्यावर सुमारे १० सेंटिमीटर जाडीचा स्वच्छ खडीचा थर द्यावा.

२. आडभिंतींच्या व जोत्याच्या तुळयांच्या खालच्या भागात नळाचे तुकडे बसवून सर्व गाळ्यांखालील खडीचे थर एकमेकांस जोडावेत. हे काम केल्यास पुढे एकाच नळाने अनेक गाळ्यांची सोय होते.

३. खडीतून एक उभा नळ वर काढून तो छतापर्यंत न्यावा आणि त्याच्यावर त्याचा उपयोग स्पष्ट लिहावा, म्हणजे पुढे कोणी तो सांडपाण्याला जोडणार नाही.

४. खडीवर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, त्याचे सांधे एकमेकांवर चढवून चिकटवावेत आणि मगच काँक्रीट ओतावे. या कागदाने जमिनीची ओलही अडते आणि साठविलेले धान्य, सरकी व कापड यांचे रक्षण होते.

५. मोजणीत प्रमाण अधिक आढळले तरच नळावर पंखा बसवावा. अन्यथा नळ तसाच राहू द्यावा.

खडी, कागद आणि नळ यांचा खर्च संपूर्ण जोत्याच्या खर्चात फार मोठा नसतो. त्याउलट झालेली फरशी फोडून हेच काम करावयाचे झाल्यास दुकान काही दिवस बंद ठेवावे लागते.

सामाजिक जबाबदारी

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये कामगारांच्या आरोग्यासाठी स्वच्छता, प्रकाश व वायुवीजन यांची काळजी घेण्याचे दायित्व मालकावर ठेवलेले आहे. रेडॉनचा विचार हा या दायित्वाचाच एक भाग मानावयास हवा. इंग्लंडसारख्या देशात जमिनीखालील कामाच्या जागांची मोजणी करण्याकडे विशेष लक्ष दिले जाते. आपल्याकडेही बँकांच्या तिजोऱ्यांची दालने, तळघरातील गोदामे, वातानुकूलित कार्यालये आणि रुग्णालयांचे तळमजले येथून प्रारंभ करता येईल. महाविद्यालयांचे पदार्थविज्ञान विभाग आपल्या विद्यार्थ्यांकरवी अशा मोजण्या घेऊ शकतील आणि त्यातून तालुक्याचा नकाशाही तयार होऊ शकेल.

हसनाबादसारख्या बसाल्टच्या मुलखात या विषयाने घाबरून जाण्याचे कारण नाही. खडकाने येथील माणसाला थोडी सवलत दिलेली आहे. ती सवलत बंदिस्त तळघरे, न भरलेल्या फटी आणि विडीचा धूर यांमुळे गमावली जाऊ नये, एवढीच दक्षता घ्यावयाची आहे. पूर्वजांनी पेवात उतरण्यापूर्वी कंदील सोडण्याचा शहाणपणा दाखविला. आजच्या व्यापाऱ्याने गाळ्याचे काँक्रीट ओतण्यापूर्वी एक नळ सोडावा आणि दुकान सुरू झाल्यावर एकदा मोजणी करावी. दुकानात बसणाऱ्या, माल वाहणाऱ्या आणि रात्री राखण करणाऱ्या प्रत्येकाच्या श्वासाची काळजी त्यातून घेतली जाईल.